दाजी कॉम्प्युटर मांडतात

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही नवी वस्तू नवी असताना वापरलेली नाही. म्हणजे ते जुनं काही विकत घेतात असं नाही. घेतात ते चांगलं नवंकोरं, खोक्यातलं, गॅरंटीच्या कागदासकट; पण घरी आणल्यावर ती वस्तू आधीच्या वस्तूसारखी होईपर्यंत तिचा वापर सुरू होत नाही. नवी चप्पल आणली की तिला तेल पाजून, उन्हात टाकून, दगडाखाली दाबून जुन्या चपलेच्या वळणावर आणतात आणि मगच पाय घालतात. नवी स्कूटर घेतली तेव्हा ती शोरूममधून घरी न आणता थेट त्यांच्या ठरलेल्या मेकॅनिककडे नेली आणि ब्रेक, क्लच, आरसे, सगळं जुन्या स्कूटरच्या मापावर बसवून घेतलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, चांगली गाडी हाय की. कशाला बिघडवायलाय?" दाजी म्हणाले, "चांगली आहे रे, पण माझी नाही अजून." भवानी पेठेतली भाड्याची खोली सोडून त्यांनी जुळे सोलापुरात घर बांधलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला समोर उभा करून दिव्यापंख्यांची बटणं जुन्या खोलीत होती तशीच्या तशी लावून घेतली. जुन्या खोलीत पंख्याचं बटण दाराच्या मागं होतं, कारण तिथं दुसरी जागाच नव्हती. नव्या घरात भिंतीच भिंती आहेत, तरी बटण दाराच्या मागंच. त्यामुळं पाहुणा आला की पंखा लावायला आधी दार लावून घ्यावं लागतं, आणि पाहुण्याला वाटतं, आता आपल्याला घरातलं काहीतरी गुपित सांगणार.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी मेव्हणा. दाजींची चेष्टा करणं हा मेव्हण्याचा हक्कच असतो, आणि मी तो लग्नाच्या मांडवापासून बजावत आलोय. आम्ही बहीणभाऊ अक्कलकोटचे. अक्का अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलते आणि रागावली की पूर्ण कानडी. दाजींच्या घरात नव्यानं येऊन त्यांच्या वळणावर न गेलेली ती एकटीच. बाकी मिक्सरपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी हात टेकले. पोटापाण्याचं म्हणाल तर दाजी पूर्वी इथल्या एका गिरणीत कॉम्प्युटर खात्यात होते. गिरणी बंद पडली तसे ते घरी बसले आणि घरी बसून लांबलांबच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळू लागले. सर्व्हर म्हणजे काय ते त्यांनी मला पुष्कळदा समजावलंय आणि मी पुष्कळदा मान हलवलीय. मी भवानी पेठेत चादरी आणि टॉवेल विकतो, मला तेवढं पुरतं.

तर चपला आणि स्कूटर हे झालं किरकोळ. दाजींची खरी तपश्चर्या कॉम्प्युटरची. त्यांच्या काही फायली आहेत, त्यांना ते 'टिंबाच्या फायली' म्हणतात. फायलीच्या नावाआधी टिंब दिलं की ती फाईल म्हणे दिसत नाही, पण मागं राहून काम करत असते. "आपल्या घरात तुझी अक्का दिसते का कुठं? पण चालतंय का तिच्याशिवाय काही?" असं त्यांनी एकदा मला समजावलं. अक्का शेजारीच शेंगा सोलत बसली होती आणि चांगली दिसत होती, त्यामुळं ते समजावणं तिथंच थांबलं. या फायलींमध्ये कॉम्प्युटरनं दाजींच्या घरी कसं वागायचं ते सगळं लिहिलंय. पडदा काळा पाहिजे. अक्षरं हिरवट पाहिजेत, पण झेंडूच्या पानासारखी. कढीपत्त्यासारखी गडद नकोत. चूक झाली तर घंटी वाजवायची नाही. माउस तर ते लावतच नाहीत, सगळे हुकूम टाइप करूनच द्यायचे. आणि हे हुकूमसुद्धा कॉम्प्युटरचे मूळचे नव्हेत. मूळचे दाजींना पसंत नाहीत. "दोन अक्षरं टाकतात आणि मोकळे होतात. माणसाशी बोलल्यासारखं वाटत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी हुकमांना आपले शब्द दिले. फायली दाखवायच्या असतील तर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं 'बघ'. दुसऱ्या कप्प्यात जायचं असेल तर 'जा'. पुढं अक्का घरात आली आणि तिच्या पाठोपाठ कॉम्प्युटरात कानडी आली. काम संपवायचं तर 'साकु', म्हणजे पुरे. काही बिघडलं आणि कारण पाहिजे असेल तर 'याक', म्हणजे का. अक्का त्यांना दिवसभर 'याक, याक' विचारायची. दाजींनी तो प्रश्न कॉम्प्युटरवर ढकलून दिला आणि स्वतः सुटले.

कॉम्प्युटर जुना झाला की नवा येतो, आणि नवा आला की दाजी तो 'मांडतात'. चूल मांडावी, संसार मांडावा, तसा हा कॉम्प्युटर मांडायचा, आणि तो सोहळा मी अनेकदा डोळ्यांनी बघितलाय. आधी लॅपटॉपच्या झाकणाला अक्का विभूतीची तीन बोटं ओढते. ती पुसायची नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. मग दाजी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसतात. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी रंगीबेरंगी पडदा येतो, डोंगर, समुद्र, 'आपलं स्वागत आहे' वगैरे. त्याकडं दाजी बघत नाहीत. मुलगी बघायला गेल्यावर पोरं कशी चटईकडं बघतात, तसे ते तेवढा वेळ खाली बघत राहतात. मग तो काळा पडदा उघडतात, टिंबाच्या फायलींचा पेन ड्राइव्ह लावतात आणि एकच शब्द टाइप करतात, 'मांड'. त्यानंतर ओळीच ओळी धावायला लागतात आणि दाजी हात जोडून बसतात. तेवढ्या वेळात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अक्कानं कुकर लावायचा नाही. एकदा मी नेमका त्याच वेळी शिंकलो आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर पुढं वर्षभर कॉम्प्युटर मांडायच्या दिवशी मला आमंत्रण नव्हतं. शेवटी धावणाऱ्या ओळी थांबतात, पडदा काळा होतो, हिरवट अक्षरं उमटतात. दाजी 'बघ' टाइप करतात आणि त्यांचं सगळं त्यांना जिथल्या तिथं दिसतं. मग ते मागं टेकतात आणि म्हणतात, "आला घरी." त्यानंतर चहा.

हे सगळं आपल्या घरात चालवलं तर माझी काय तक्रार असणार? पण चांगली गोष्ट एकट्यानं भोगू नये, असा दाजींचा स्वभाव. मी दुकानात बिलं करायला नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा ते न बोलावता आले, मी गोदामात असताना तो मांडून दिला आणि "आता बघ कसा पळतोय" म्हणून अक्काला घेऊन गुरुवारच्या दर्शनाला अक्कलकोटला निघून गेले. दिवस लग्नसराईचे. मोहोळचं एक मोठं बिऱ्हाड आहेराच्या चादरी आणि टॉवेल घ्यायला आलेलं, माल पसंत झालेला, गाठोडी बांधलेली. मी बिल करायला बसलो तर समोर काळी पाटी. मी दाजींना फोन लावला. ते रांगेत होते. म्हणाले, "सोपं आहे सिद्धू, बघ टाइप कर." मी केलं. भराभर नावं आली. त्यात बिल कुठं दिसेना. मी म्हटलं, "दाजी, पुढं?" तर म्हणाले, "पुढं काय, जा." मी म्हटलं, "कुठं जाऊ?" तेवढ्यात रांग पुढं सरकली असावी, कारण फोन बंद झाला. मोहोळचे पाव्हणे माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होते. म्हणाले, "मालक, मोतीबिंदू झालाय का ह्याला? ऱ्हावू द्या त्याला, कागदावर ल्हा की." मी मुकाट्यानं कागदावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका माणसाला बोलावून सगळं पुसून घेतलं आणि दाजींना सांगितलं, की माझ्या दुकानात पुन्हा काही मांडायचं असेल तर फक्त गणपती. ते रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या फायलीत नाही. फक्त एवढंच म्हणाले, "तुझी बोटं तयार नाहीत."

ज्या बोटांवर त्यांचा सगळा भरवसा होता ती बोटं त्यांच्या घरातच वाढत होती. शांभवी, माझी भाची, त्यांची एकुलती एक. इतर पोरं कॉम्प्युटरवर गाड्या पळवायची, रंग भरायची. ही दाजींच्या मांडीवर बसून काळ्या पडद्यावर 'बघ' टाइप करायची आणि काहीतरी दिसलं की टाळ्या वाजवायची. दाजींचा जुना कॉम्प्युटर निघाला की तो तिचा व्हायचा, आणि अर्थातच तोही मांडलेला. दहावीपर्यंत ती दाजींइतकी भराभर हुकूम सोडायला लागली. कुणी पाहुणे आले की दाजी तिला बोलवायचे, तिच्या डोळ्यांवर अक्काची ओढणी बांधायचे आणि म्हणायचे, "हं, आता कालची फाईल काढ." ती काढायची. पाहुण्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पोरगी डोळे बांधून काहीतरी करते म्हणून कौतुक करायचे. इंजिनिअरिंगला गेली तिथंही दाजींचंच काम तिनं धरलं, सर्व्हरचं. कॉलेजात प्रॅक्टिकलला एका कॉम्प्युटरवर पाच-सहा जणी, म्हणून ही सगळं घरीच करून न्यायची आणि मार्क भरपूर मिळवायची. मला आपलं वाटायचं, चला, घराणं पुढं चाललं.

मग पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेला बोलावलं. दाजी सोबत गेले. परीक्षा त्यांच्या ऑफिसात, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, नुसता काळा पडदा आणि दिलेलं काम. दाजी बाहेर चहाच्या गाड्यावर निर्धास्त उभे. काळा पडदा म्हणजे माहेरच की पोरीचं! आणि आत शांभवीनं टाइप केलं 'बघ'. कॉम्प्युटर म्हणाला, असला हुकूम आपल्याला ठाऊक नाही. तिनं 'जा' म्हटलं. तेही ठाऊक नाही. काही शब्द पप्पांचे आहेत हे तिला माहीत होतं. पण पप्पांचं कुठं संपतं आणि कॉम्प्युटरचं कुठं सुरू होतं, ती शीव तिला कधी कुणी दाखवलीच नव्हती. मूळचे हुकूम पुस्तकात वाचलेले, पण ते आठवायला थांबावं लागे, आणि थांबलं की बोटं आपोआप घरचंच टाइप करून मोकळी होत. शेवटी घाबरून तिनं 'याक' टाइप केलं. त्याचंही उत्तर आलं नाही. वेळ संपली.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो. घरी आल्यावर अक्कानं ताटं वाढली, तरी शांभवी हात धुवून नुसती बसून राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मला तुमचा कॉम्प्युटर येतो. कॉम्प्युटर येत नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. दाजींनी पानातला घास उचलला आणि परत ठेवला. मी त्यांची चेष्टा करायला जन्मलेला माणूस, पण त्या वेळी मला त्यांच्याकडं बघवेना. ज्या गोष्टीचं त्यांनी आयुष्यभर कौतुक केलं आणि करवून घेतलं, तीच पोरीच्या आडवी आली होती, आणि यात त्यांच्या बाजूनं बोलायलाही काही नव्हतं. अक्का तेवढी म्हणाली, "साकु आता. जेवा." आणि त्या दिवशी सगळे तिचं ऐकून जेवले.

पुढं दोनएक महिन्यांत बेंगळुरूच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तीच तऱ्हा, फक्त या खेपेला परीक्षा घरी बसून द्यायची होती. कंपनी आपलं कोरं मशीन लांबून उघडून देणार, त्यावर काम करून दाखवायचं, आणि साहेब लोक पलीकडून बघणार. शांभवीनं सांगितलं, मला सरावाला नवा लॅपटॉप पाहिजे आणि तो कोरा राहिला पाहिजे. "काहीही टाकायचं नाही, पप्पा. रंगसुद्धा नाही." दाजी म्हणाले, "बरं." हे 'बरं' त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं. लॅपटॉप आला, अक्कानं विभूती लावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात नवी वस्तू नवीच राहिली. कामाचा पडदा पांढराफेक. सुरू केला की तो समुद्र, तो डोंगर. दाजी येता-जाता त्याच्याकडं असे बघायचे, जसं कुणी पाहुण्याला उंबऱ्यातच उभं करून ठेवलंय आणि आत या म्हणायला बंदी आहे.

एका दुपारी मी सहज गेलो तर शांभवी अंघोळीला गेलेली आणि दाजी त्या लॅपटॉपसमोर ओणवे उभे, हातात पेन ड्राइव्ह. मी दारातूनच म्हटलं, "दाजी!" ते एवढे दचकले की पेन ड्राइव्ह खाली पडला. तो उचलताना म्हणाले, "काही नाही रे, नुसता पडदा काळा करायलो होतो. पोरीच्या डोळ्यांना त्रास होतो एवढ्या पांढऱ्याचा." मी म्हटलं, "तिच्या डोळ्यांना का तुमच्या?" त्यांनी पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला, थोड्या वेळानं तो काढून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडं ठेव. परीक्षा होईपर्यंत मला देऊ नकोस. मागितला तरी देऊ नकोस." आणि खरं सांगतो, त्यांनी तो दोनदा मागितला.

पण नुसतं दूर राहतील तर ते दाजी कसले? पोरीला एकटीला कोऱ्या मशीनवर बसवणार नाही, म्हणून तेही आपला एक जुना कॉम्प्युटर कोरा करून तिच्याशेजारी बसायला लागले. बापलेक मांडीला मांडी लावून, आणि दोघंही अडाणी. ती मूळचा हुकूम टाइप करायची, हे 'बघ' टाइप करायचे. तिला आठवायचं, यांना आठवायचं नाही. चाळीस वर्षांची वळणं, बोटं ऐकतात होय? दाजींनी शेवटी उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळली. म्हणे, पट्टी दिसली की आठवतं, घरचं टाइप करायचं नाही. अक्कानं ते बघून कपाळावर हात मारला आणि पूर्ण कानडीत जे काय बोलली ते मी इथं लिहीत नाही. शांभवी मात्र खळखळून हसली. पुण्याहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल. आठवड्याभरात ती एवढी पुढं गेली की दाजी तिला विचारायला लागले, "आता काय?" आणि ती सांगायला लागली, "पप्पा, आधी कुठं उभे आहात ते विचारा, मग पुढं जा." एकदा तर ती चांगलीच खेकसली, "किती वेळा सांगायचं?" दाजी मला नंतर खूश होऊन म्हणाले, "ऐकलंस का? माझ्यासारखीच ओरडती." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही कधी ओरडता?" ते स्वयंपाकघरातल्या अक्काकडं बघत म्हणाले, "तेच की. कुठं शिकली असेल?"

परीक्षेचा दिवस उजाडला आणि आमच्या सोलापूरच्या नशिबानं नेमकं त्याच वेळी पाणी आलं. आता आमच्याकडं पाणी येणं म्हणजे काय, हे ज्याच्या गावात रोज पाणी येतं त्याला सांगून कळणार नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल ते कुणाला माहीत नसतं, आणि आलं की गल्लीत बोंब उठते. मोटारी सुरू होतात, बादल्या आपटतात, 'पानी आलं, पानी आलं' म्हणून पोरं धावतात. शांभवी आतल्या खोलीत दार लावून बसलेली, पलीकडून साहेब लोक बघतायत, आणि इकडं हा गोंधळ. अक्कानं मोटार लावली नाही. मी आणि ती हौदातून कळशीनं पाणी काढून, आवाज न करता, चोरासारखं भरत होतो. दाजी चप्पल न घालता गल्लीत गेले आणि शेजारच्या विणकर मावशींना हात जोडून म्हणाले, "मावशी, एवढी मोटार जरा थांबवा की. पोरीची परीक्षा आहे." मावशी आधी तेलुगूत आपल्या सुनेवर ओरडल्या आणि मग आमच्या भाषेत म्हणाल्या, "पोरीची व्हय? मग आधी सांगायचं न्हाय का!" आणि त्यांनी आपली मोटार तर बंद केलीच, वर कमरेला पदर खोचून पुढच्या दोन घरांच्याही करवल्या. पाणी आलेलं असताना आमची गल्ली कधी एवढी गप्प झालेली मी बघितली नव्हती.

दाजी परत आले ते आतल्या खोलीच्या दाराला कान लावून उभे राहिले. मी खुणेनं विचारलं, काय चाललंय? ते कुजबुजले, "टाइप करायलीय." तेवढं मलाही ऐकू येत होतं. पण दाजींना आवाजावरून कळतं. लांबलचक हुकूम असला की टकटक कशी जाते, शेवटी ते मोठं बटण कसं दाबलं जातं, सगळं. मध्ये एकदा टकटक थांबली. थांबली ती थांबलीच. अक्का कळशी हातात तशीच धरून उभी. दाजींचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं, पण ते म्हणत होते, "घाबरू नकोस. आधी कुठं उभी आहेस ते विचार." आत पुन्हा टकटक सुरू झाली, सावकाश, मग भराभर. लांब टकटक, मोठं बटण. लांब टकटक, मोठं बटण. दाजींनी कान काढला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. म्हणाले, "सिद्धू, माझं एक अक्षर नाही रे त्यात. एकसुद्धा नाही."

नोकरी लागली. पेढे वाटले, पहिला पुडा विणकर मावशींच्या घरी गेला. मी पेन ड्राइव्ह दाजींना परत दिला. जायच्या आदल्या दिवशी शांभवीनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, आता टाका तुमचं. तिकडं मला करमणार नाही त्याच्याशिवाय." मला वाटलं, आता दाजी अंघोळीला पळतात. पण त्यांनी झाकण बंद करून तो तिच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "नको. तुझं तू मांड. काय लागतंय ते तुला तिथं राहिल्यावर कळेल." एवढं बोलून ते तिची बॅग बांधायला गेले आणि बॅग इतकी घट्ट बांधली की बेंगळुरूला ती कापावी लागली.

परवा रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं बसलो होतो. शांभवीला जाऊन आता चांगले सहा-सात महिने झालेत. तिचा फोन आला. काहीतरी अडलंय, पप्पांनी बघावं. तिनं आपला पडदा दाजींच्या कॉम्प्युटरवर दाखवला. मीही खुर्ची ओढून बघायला लागलो. पडदा पांढरा होता, कडेला फिकट निळी पट्टी. अक्षरं मोठी आणि काळी. वरच्या कोपऱ्यात एक छोटं घड्याळ. हुकमांना तिनं आपले शब्द दिलेले होते, आणि ते सगळे आम्हाला अनोळखी, कुठल्या मैत्रिणींचे, कुठल्या तिकडच्या खाण्याच्या पदार्थांचे. दाजी चष्मा पुढं-मागं करत बघत राहिले. ज्या माणसाला अंधारात कॉम्प्युटर चालवता येतो, त्यानं विचारलं, "बाळ, हे उघडायचं कुठून?" तिनं सांगितलं. त्यांनी केलं. "आता?" तिनं पुढचं सांगितलं. अडलेलं सुटलं, ते कुणामुळं सुटलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दाजी म्हणाले, "छान मांडलंयस." ती म्हणाली, "खरंच?" ते म्हणाले, "खरंच. लई छान," आणि फोन ठेवला.

मी काहीतरी चेष्टेचं बोलणार होतो, तोंडाशी आलंही होतं. पण दाजी त्या रिकाम्या झालेल्या पडद्याकडंच बघत होते. मग म्हणाले, "लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेल्यावर कसं होतं ना सिद्धू, तसं झालं बघ. साधं पाणी प्यायचं तर तांब्या कुठं ठेवलाय, ते विचारावं लागतंय."

आतून अक्का म्हणाली, "मग विचारायचं. सांगती की ती."

"सांगितलं की," दाजी म्हणाले. "न चिडता सांगितलं."